भांबुर्ड्याचा वास

पान छोटंसं होतं, कडेला कातरलेलं, अंगावर मऊ लव. वैशालीनं ते चिमटीत चुरगळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले… आणि दरवेळेसारखी ओळखल्यासारखी मान डोलावली. भांबुर्डा. असावा. बोटांना चिकट लागलं होतं, तेवढंच काय ते कळत होतं. बाकी हवा म्हणजे नुसती हवा. पान पिशवीत गेलं.

"मला पण वास दे," धाकटी समीक्षा तिच्या साडीला लोंबकळत म्हणाली.

"आधी ताईचा हात धर, बांधावरून पडशील," असं म्हणून वैशालीनं तिला मृणालीच्या ताब्यात दिलं आणि पुढच्या रोपाकडे वळली.

निडी गावच्या या शेतात दर थंडीत त्यांची पोपटी लागायची. भात कापून झालेलं, उरल्या ओलीवर वाल तरारलेला. शेंगा तोडायच्या, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचा थर, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. सगळी मदार पाल्यावर. आणि पाला ओळखायचा तो चुरगळून, वासानं, कारण बांधावर अगदी तसंच दिसणारं एक कडूजहर रोपटं उगवतं. ते मडक्यात गेलं की शेंगा तोंडात धरवत नाहीत. हे काम वैशालीचं, सून म्हणून आली तेव्हापासूनचं. ते सोडायचं म्हणजे कारण सांगायचं.

कारण… समीक्षा पोटात असताना तो साथीचा ताप आला. घरात सगळ्यांनाच वास येईनासा झाला आणि सगळ्यांना पुन्हा येऊही लागला. "तुला येतो ना गो आता?" सासूनं विचारलं तेव्हा ती हो म्हणून मोकळी झाली, आज ना उद्या येईलच म्हणून. आला नाही. मग सांगायचं राहिलं, आणि मग सांगायची भीतीच बसली — रितेश कंपनीत शिफ्टला, घरात गॅस, दोन लहान मुली, आणि आईला करपलेलं कळत नाही! कोण अशा बाईच्या भरवशावर पोरी सोडेल? मी तरी सोडल्या असत्या का? आणि त्याच्याही आत एक होतं, जे ती स्वतःशीसुद्धा धड बोलत नसे. मृणालीच्या टाळूचा वास तिला अजून आठवायचा — दुधाचा, खोबरेल तेलाचा, किंचित आंबूस. समीक्षाचा आठवायला मुळात आलाच नव्हता. पोटची पोर, आणि तिचा वास आपल्याला ठाऊक नाही.

आंब्याखाली सासू, गिरजाबाई, मडकं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. वैशालीनं पिशवी त्यांच्याजवळ दिली आणि पलीकडे शेंगा निवडायला बसली. सहज नजर गेली. गिरजाबाई मूठभर पाला काढायच्या, घाम पुसल्यासारखा पदर चेहऱ्याकडे न्यायच्या, मूठही त्याच्या आडून नाकाशी जायची. मग थोडा मडक्यात, थोडा पाठीमागे. पाठीमागचा ढीग वाढत होता.

"आये, चांगला पाला कशाला टाकतेस?" लाकडं आणून टाकत रितेशनं विचारलं.

"किडका हाय. तू जाळाचं बघ," गिरजाबाई मान वर न करता म्हणाल्या.

पाणी आणायच्या निमित्तानं वैशाली उठली आणि जाताजाता ढिगातलं एक पान उचललं. किडीचं एक भोक नव्हतं.

म्हणजे सासूबाईंना माहीत आहे. आजच कळलं? की… दूध बघ गो. गॅस नीट बंद झालाय काय गो? पोरीचा लंगोट बदल. कालची आमटी टाकून दे, माझ्या जिभेला नाय बरी लागत… किती चिडचिड केली होती तिनं यावरून! तुझी आई प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते, असं रितेशला तोंडावर म्हणाली होती. आणि ही बाई इतकी वर्षं, एका शब्दानं न बोलता, तिचं चुकणारं सगळं आधीच हुंगून ठेवत होती. वैशालीला वाटलं, इथेच बांधावर बसून रडावं. पण मुली बघत होत्या.

जाळ चांगला भडकला, बसत आला. "वैशाली, वास सुटला काय?" रितेश ओरडला. "तू सांग, मग काढू."

ती उठली. मडक्याजवळ जाऊन वाकली.

"धुरात बसलोय सगळी, वास कुठचा कळतोय!" गिरजाबाई म्हणाल्या. "पाणी शिंपड गो मडक्यावर. चर्र करून लगेच सुकलं तर झालं."

वैशालीनं ओंजळ शिंपडली. चर्र! थेंब दिसले न दिसले तोच गेले. "झालं!" ती ओरडली, आणि तिचं तिलाच जाणवलं, कितीतरी दिवसांत अंदाज न करता बोललेली ही पहिलीच गोष्ट.

केळीच्या पानांवर वाफाळत्या शेंगा ओतल्या. मुलींनी बोटं भाजून घेतली, तोंडं काळी केली, रितेशनं अंडी फोडली, आणि उन्हं उतरेपर्यंत कुणाला उठावंसं वाटलं नाही. समीक्षा आजीच्या मांडीवर झोपून गेली.

"आई," वैशाली हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय कधी कळलं? खा गो, थंड होतंय."

दोघी पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मग वैशालीनं विचारलं, "हिच्या टाळूला कसला वास येतो?"

गिरजाबाईंचा हात थांबला. त्या नातीवर वाकल्या, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. "आता धुराचा हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा वाकल्या. "त्याच्याखाली… पेज शिजत आली की झाकण काढल्यावर येतो ना, तसा. झाली तवापासनं तसाच हाय."

वैशालीनं पोरीला आपल्या मांडीवर घेतलं आणि केसांत तोंड खुपसलं. काही नाही. गरम केस, धुरानं झोंबणारे डोळे. पेज… माहेरची सकाळ, चुलीवरचं पातेलं, झाकण उचलताना तोंडावर येणारी वाफ, आणि त्या वाफेतून लांबून काहीतरी येतंय असं — की तिला नुसतं वाटत होतं? रितेश समोर निखारे विझवत होता. त्याला सांगायला हवं. कधीतरी… आजसुद्धा सांगता येईल. पण आत्ता तिला मान वर करायची नव्हती.

पेजेचा, ती मनात घोकत राहिली. माझ्या समीक्षाला पेजेचा वास येतो.