दुसऱ्या गठ्ठ्याआधीचा धूर

मी एक जुनी लोखंडी चूल आहे, यॉर्कशरमधल्या एका पाद्र्याच्या घरातली. मित्रांनो, माझ्या अंगावर आता गंज चढलाय, पण मला सलतो तो एक शुक्रवार.

ओतीव लोखंडाची मी, चार घोड्यांच्या गाडीतून इथे आले. लेटिशिया गार्थवेट, पुढे साऱ्या इंग्लंडने डोक्यावर घेतलेल्या कवयित्री, माझ्या उबेला बसून साखर बांधून येई त्या निळ्या कागदांवर लिहीत. बैठकीत सुरेख मेज होतं, पण तिथे हुडहुडी भरे. स्वयंपाकीण डॉर्कस ओरडे, "लेटीबाई, सरका जरा, पाव करपला तर बोलणी मला बसतील!"

लेटीबाई गेल्या. त्यांना मूठमाती दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचे धाकटे भाऊ, पाद्री अँब्रोज, त्या निळ्या कागदांचे दोन गठ्ठे घेऊन स्वयंपाकघरात आले.

"डॉर्कस, चूल पेटव."

"आज शुक्रवार, चूल घासायचा दिवस, साहेब. आत्ताच काळं पॉलिश चढवलंय. ओल्या पॉलिशवर कुणी जाळ करतं का?"

"पेटव म्हणतो ना! देवाबद्दल शंका काढल्यात हिनं. रविवारी बिशप यायचेत. तोंड कुठे लपवू?"

पहिला गठ्ठा माझ्या पोटात गेला. काय सांगू, मित्रांनो! ज्या हातांना मी वीस हिवाळे ऊब दिली, त्यांचंच लिहिणं मी गिळत होते आणि थांबणं माझ्या हाती नव्हतं.

तेवढ्यात ओलं पॉलिश तापून घाण धूर सुटला. साहेब खोकत मागे सरले. डॉर्कसने खिडकी उघडली आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर पिठाचा हात ठेवला.

"धूर जाईस्तोवर एक पान वाचून दाखवा. वीस वर्षं या कागदांना जपत पीठ मळलं मी. मला मेलीला अक्षर येत नाही."

साहेब चिडूनच वाचू लागले. त्या पानावर त्यांची आई गेली तो दिवस होता. दाराआड रडणारा सात वर्षांचा भाऊ होता, आणि त्याला पाहून प्रार्थनेचे शब्दच न सुचलेली बहीण होती. साहेबांनी तीच ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मी तिथे होतो, हे तिला ठाऊक होतं?"

"होतं की, म्हणून तर लिहिलंय. बोलल्या नाहीत, एवढंच."

साहेबांनी गठ्ठा छातीशी धरला आणि ते वर गेले. त्याचंच पुढे पुस्तक झालं. पहिल्या गठ्ठ्यात काय होतं, ते कुणालाच कळलं नाही.

आता लेटीबाईंचं घर पाहायला पाहुणे येतात आणि त्या बैठकीतल्या मेजावरच लिहीत असं समजून त्याचं कौतुक करून जातात. माझ्याकडे कुणी बघत नाही. माझा गंज नाही पुसलात तरी चालेल, मित्रांनो. पण घरातल्या कुणाचे कागद आगीत टाकण्याआधी एकदा वाचा. मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं.