घरातला गोऱ्हा

जमुनाबाई शाळेत गेली नव्हती, पण कोणी कोणासाठी काय केलं हे तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. जावेनं प्रेमानं पाठवलेलं वाटीभर लोणचं तिच्या लक्षात होतं, आणि दुसऱ्याच दिवशी वाटी परत मागितली होती तेही.

त्या दुपारी ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. खाटेवर नवरा चुन्नीलाल आणि दीर हिरालाल होते, पायरीवर मुलगा उमेंद्र. विषय होता सून डिंपलचा. शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं आणि उमेंद्रनं बायकोचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

डिंपलला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दोन महिन्यांमागे गोंदियाच्या दवाखान्यात दुसऱ्या बाळंतपणात रक्त चढवून चढवून तिला कशीबशी वाचवली. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी उमेंद्रला समोर बसवून सांगितलं होतं, "हिला आता टेबलावर घेणं धोक्याचं आहे. तुम्ही नसबंदी करून घ्या. बेशुद्धसुद्धा करत नाहीत, त्याच दिवशी घरी जाल." उमेंद्रनं मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली होती. घरी येताना ती मान तो गोंदियातच विसरून आला.

"मायं काम वजनाचं आहे," तो आता बापाला पटवत होता. "नसबंदी केली का मानूस कमजोर होते. मिलमंधी पोती कोन उचलन?"

"कोनती पोती गा?" जमुनाबाईनं सुपातून डोकं वर न काढता विचारलं. "तू तं तिथं मशीनचं बटन दाबतेस. पोती हमाल उचलते. अन् घरी गॅसचा सिलिंडर आला का डिंपल गडगडवत आनते, तवा तू मोबाइल पाहून राहते."

"पन लोक काय म्हनतीन?" चुन्नीलाल म्हणाला.

हिरालाल खो खो हसला. "भौजी, चांगल्या धडधाकट पोराले बैल करता काय?"

तिघेही हसले. उमेंद्र सगळ्यात मोठ्यानं हसला. सुटलेल्या माणसाचं हसू असतं, तसलं.

दारात बाळाला खांद्यावर घेऊन डिंपल उभी होती. गोंदिया शहरातली मुलगी, रागावली की तिला हिंदी सुटे. "और मैं टेबल से उठी नहीं तो?" तिनं विचारलं. "ह्या दोघांना कोण पाहील?"

"आई आहे ना," उमेंद्र म्हणाला.

पाणी मागावं इतक्या सहज म्हणाला. जमुनाबाईनं सूप खाली ठेवलं. बायको मेली तर काय, याचा विचार पोरानं केला होता तर! केला होता, आणि उत्तरही काढून ठेवलं होतं. त्या उत्तरात तो स्वतः कुठंच नव्हता.

"हिरालालजी," ती म्हणाली, "नसबंदी अन् खच्ची करनं एक नोहे, हे डॉक्टरीनबाईनं तुमच्या पुतन्याले सांगतलं. पन तुमाले बैलाचंच बोलाचं हाय ना? बोला. गोऱ्ह्याले बैल कायले करतेत?"

"कामाले लागावा म्हनून," हिरालाल सावधपणे म्हणाला.

"अन् नाही केला तं?"

"हुंदडते. लोकायच्या धानात शिरते."

"बैल झाल्यावर कमजोर होते काय? सारं वावर कोन नांगरते? गाडी कोन वढते?"

हिरालालनं तंबाखूची डबी उघडली. ती रिकामी होती, तरी तो बराच वेळ तिच्यात बोट फिरवत राहिला.

जमुनाबाई नवऱ्याकडे वळली. "आपल्या पवळ्याले बैल केलं होतं, याद आहे?"

चुन्नीलालचा चेहरा उजळला. "याद नाही तं! जवान गोऱ्हा होता. पंधरवडाभर मानेवर जू ठेवलं नाही. भिजवलेली सरकीची ढेप चारली, कोवळा चारा कापून आनला, रोज हळद-तेल लावलं. लेकरासारखा सांभारला त्याले!"

"अन् मायं ऑपरेशन कवा झालं?"

चुन्नीलालनं भावाकडे पाहिलं. भावानं कौलांकडे पाहिलं.

"मोठ्या ओमेशच्या... नाही, ह्या उमेंद्रच्या मांगं कवातरी..."

"पवळ्याले बैल केलं त्याच साली. पवळ्या गोठ्यात ढेप खाऊन राहिला होता, अन् मी वल्या टाक्यानं चिखलात वाकून धानाचा रोवना करून राहिली होती. टाका पिकला, पातळाले पू लागला. तुमाले सांगतलं तं तुमी म्हनलं, बाईच्या जातीले एवढं होतेच." तिचा आवाज आता शेजारच्या अंगणात पोचत होता. "पवळ्याले काऊन नाही म्हनलं, का बैलाच्या जातीले एवढं होतेच?"

"तवा कोनी सांगतलं नाही वं आमाले."

"पवळ्याचं कोनं सांगतलं होतं?"

आता उमेंद्रनं शेवटचा डाव काढला. त्यानं तो मोबाइलवर शोधून ठेवला होता. "आई, कायद्यानं कोनावर जबरदस्ती करता येत नाही. माझ्या शरीरावर माझा हक्क आहे."

बोलणं खरं होतं, म्हणून तर जमुनाबाईला अधिकच झोंबलं.

"तुह्या अंगावर तुहा हक्क," ती म्हणाली. "मान्य. मंग तिच्या अंगाचं नाव शिबिरात कोनं लिवलं?"

डिंपलच्या खांद्यावरलं बाळ तेवढं चुळबुळलं.

"डिंपल जानार नाही. तू जावं का नाही ते तुहं तू पाह्य. पन तवरोक गोऱ्हा घरात मोकरा राह्यनार नाही."

तिनं त्याची खाट स्वतः ओढत गोठ्याच्या पडवीत नेली आणि आपलं अंथरूण सुनेच्या खोलीत, दाराला आडवं टाकलं. येणारेजाणारे उमेंद्रला विचारू लागले, "काऊन गा, इथं कायले झोपून राह्यला?" उत्तर द्यायला तो तोंड उघडी, तोच आतून जमुनाबाई सांगे, "वजनाचं काम हाय त्याचं. आराम करते." गाव हसू लागलं. या वेळी उमेंद्र हसत नव्हता.

शुक्रवारी दवाखान्याची गाडी आली. ड्रायव्हरनं डिंपलचं नाव पुकारलं.

"खोडा ते नाव," जमुनाबाई म्हणाली.

उमेंद्र आंघोळ करून, भांग पाडून गोठ्याकडून आला. डिंपलसमोर थांबला. "आधार कार्ड पाहिजे," एवढंच म्हणाला.

"अलमारीत आहे. तुम्हीच घ्या," डिंपल म्हणाली आणि जागची हलली नाही.

कार्ड त्याला बऱ्याच उचकापाचकीनंतर सापडलं. गाडीत पाय ठेवताना तो आईकडे वळला. चेहरा पार उतरला होता. "आई, तू येशीन काय संगं? भेव लागून राह्यलं."

जमुनाबाईचा राग निवत आला होता, तो पुन्हा भडकला. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी चुन्नीलालनं तिला दवाखान्याच्या फाटकात उतरवलं होतं आणि तो तसाच बाजारात ढेप आणायला गेला होता. टेबलावर चढताना धरायला तिच्याजवळ कोणाचा हात नव्हता. हे आजवर तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

"बापाले ने," ती म्हणाली. "बैल कसा सांभाराचा, ते त्यायले चांगलं जमते."

डिंपल हसली नाही. तिनं फक्त बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

चुन्नीलाल उठला आणि ओसरीभर चपला शोधू लागला. त्या कुठं आहेत हे दोघी बायकांना दिसत होतं. कोणीही सांगितलं नाही.