मावशीचे एकशे बारा भाचे

मावशीच्या लॉजवर पर्यटक म्हणून कधी कुणी राहिलंच नाही. म्हणजे राहायला रोज यायचे हो, आठही खोल्या भरलेल्या, वाळत घातलेल्या टॉवेलांनी गॅलरी दिसायची नाही. पण मुक्कामाच्या वहीत बघाल तर सगळे घरचे! गावात रात्र काढणाऱ्या प्रत्येक पर्यटकामागे पालिकेला कर भरावा लागे, घरी आलेल्या नातेवाइकांना मात्र तो माफ होता. हे कळल्या दिवसापासून ही बाई काउंटरवर बसून नाती वाटत सुटली.

"तुम्ही माझा भाचा. या सूनबाई. कुणी विचारायला आलंच तर लाजायचं नाही, खुशाल मावशी म्हणायचं."

पाहुणे खूश. कर वाचला आणि वर फुकटची मावशी मिळाली. एकदा तर एकाच भाचीला एका आठवड्यात दोन नवरे झाले, तेव्हा तपासायला आलेल्या माणसाला तिनं दोनदा चहा पाजून वाटेला लावलं. सगळी गल्ली म्हणायची, बाई भारी डोकेबाज. आणि हिलाही ते खरं वाटायचं, दुसरं काय!

अशी नऊ वर्षं गेली. नवरा गेला, गुडघे गेले. तीन जिने चढून चादरी बदलायच्या म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता तिला एकच हवं होतं, लॉज विकून थोरल्या बहिणीकडे, ताईकडे जायचं. ताई दूरच्या शहरात एकटीच होती, वर्षभर मागची खोली हिच्यासाठी रिकामी ठेवून बसली होती. तिची पेन्शन तिच्या एकटीलाच जेमतेम पुरायची, म्हणून रिकाम्या हातानं जाऊन चालणार नव्हतं. पण गिऱ्हाईक मिळालं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मुलासाठी लॉज हवंच होतं. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं ताईला फोन करून सांगून टाकलं, महिनाअखेरीला येते म्हणून.

परवाना बेकरीवाल्याच्या नावावर करायला दोघं पालिकेत गेले. कारकूनबाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"मावशी, नऊ वर्षांत तुमच्याकडे एकही पर्यटक नाही?"

"अहो, असं कसं? पाय ठेवायला जागा नसते माझ्याकडे."

"नातेवाईक आहेत ना. नुसत्या गेल्या वर्षी भाचे एकशे बारा. मामेभाऊ सत्तेचाळीस. व्याही एकोणीस."

बेकरीवाला खो खो हसला. मग बाईंनी पुढचं वाचलं आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. परवाना दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लागोपाठ पाच वर्षं पर्यटक राहिल्याची नोंद लागते. बंद पडलेली लॉजं लोक चालू म्हणून गळ्यात मारतात, म्हणून तो नियम होता.

मावशीनं हळूच विचारलं, "आणि मी म्हटलं, ते नातेवाईक नव्हतेच, तर?"

कारकूनबाईंनी आवाज खाली आणला. "हे मी ऐकलं नाही. ऐकलं तर परवाना आजच रद्द करावा लागेल. आजपासून खरं लिहा. पाच वर्षांनी या, मी स्वतः करून देते."

किती गोड बोलली मेली! मावशीला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडायला तरी जागा राहिली असती.

बाहेर आल्यावर बेकरीवाला चुळबुळला. "मावशी, राग मानू नका. पण परवान्याशिवाय त्या आठ खुराड्यांचं मी काय करू? घर म्हणून कुणी राहायचं नाही तिथं."

खरंच होतं त्याचं. त्याच्यावर रागावायची सोयही नव्हती. राग सगळा स्वतःचा, स्वतःवरच.

ती लॉजवर परतली तर गॅलरीतून दोन भाच्यांनी हात हलवला. "मावशी, गरम पाणी येत नाहीये!" ती "बघते रे" म्हणाली आणि काउंटरमागे जाऊन बसली. मागे भिंत, पुढे फळी, बाजूला जिना, हात पसरायलाही जागा नाही. नऊ वर्षं ती इथं बसत आली होती, पण श्वास कोंडल्यासारखं आजच झालं. अडुसष्ट अधिक पाच, तिनं हिशोब केला. मग ताईच्या एकाहत्तरात पाच मिळवले आणि तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात ताईचाच फोन आला.

"अगं, तुझा पलंग मी खिडकीशी लावून घेतला. सकाळी ऊन येतं, गुडघ्यांना बरं. कधी निघतेस?"

मावशीनं डोळे पुसून सगळं सांगितलं, भाच्यांसकट. ताई आधी हसली, अगदी पोट धरून, लहानपणी हसायची तशी. मग तिनं विचारलं, "म्हणजे किती दिवस लागतील?"

"पाच वर्षं."

"पाच वर्षं नाहीत गं माझ्याकडे," ताई म्हणाली. "रात्री एकटीला भीती वाटते आता. शेजारची मास्तरीण केव्हाची खोली मागतेय. सोबतीला राहीन म्हणते. तिला मी नाहीच म्हणत आले. देऊ का तिला?"

वरून पुन्हा हाक आली, मावशी, गरम पाणी!

"दे," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवून जिना चढायला लागली.