डोक्यावरची रेघ

टेपेनेने दगडावरचं फडकं ओढलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षापूर्वी वारलेल्या बाईचं नाव राहेरा, आणि दगडावर कोरलेलं रहेरा. इंग्रजी लिपीतल्या पहिल्या ए अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असली तर रा, नसली तर र. ती रेघच नव्हती. शनिवारी कब्रस्तानात दगडावरचं कापड काढायचा विधी, नातवंडं ब्रिस्बेनहून निघालेली, आणि आज गुरुवार.

न्यूझीलंडमधल्या फाकाताने गावच्या या कारखान्यात टेपेने तीस वर्षं माओरी माणसांची नावं दगडावर घालत आला होता. दोन वर्षांपूर्वी ऑकलंडच्या एका कंपनीने कारखाना घेतला, तेव्हाही कामाला कुणी बोट लावलं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशनपायी तीन आठवडे तो घरी काय राहिला, तेवढ्यात हेड ऑफिसच्या ग्लेनने येऊन सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम चढवली.

"ग्लेन, इकडे ये. हे वाच."

"रहेरा. का?"

"बाई राहेरा होती. चाळीस वर्षं मास्तरीण. हजेरी घेताना एका पोराचं नाव कधी चुकवलं नाही तिने. आणि तिचंच नाव तुम्ही असं लिहिता?"

"काका, जुन्या सिस्टीमला आता संरक्षण मिळत नाही," ग्लेन म्हणाला. "उद्या कुणी आत शिरून गिऱ्हाइकांची माहिती पळवली तर विमेवाले हात वर करतील."

"मग ऑफिसातले बदला की! मी कुठे नाही म्हणतोय? पण अक्षरं कापणाऱ्या यंत्राच्या या कॉम्प्युटरला इंटरनेटची वायरच नाही. चोर काय भिंतीतून येणार?"

"वरून हुकूम आहे. सगळे एकदम बदलायचे. तुमचा जुना अक्षरांचा प्रोग्रॅम नव्यावर चालेना, म्हणून दुसरा घातला. पडद्यावर रेघ दिसते हो. यंत्राकडे जाताना गळते बहुतेक. एवढीशी तर रेघ."

"एवढीशी? तुझ्या नावातला एवढासा ग काढू? लेन म्हणून फिर गावभर. तुझ्या आईला चालतंय का विचार."

टेपेनेचा संताप रेघेपुरता नव्हताच. गेल्या वर्षीच त्याने हेड ऑफिसला फोन करून सांगितलं होतं, नवं आणा, पण आधी आमची अक्षरं त्यावर चालवून बघा. तिकडची मुलगी बरं म्हणाली आणि विसरली. ज्याने काम करायचं त्यालाच विचारायचं नाही, ही कुठली सुधारणा?

त्याने छिन्नी घेतली. दुखरा गुडघा लांब पसरून अर्धा तास ठोकत बसला, तेव्हा कुठे राहेरा पुन्हा राहेरा झाली. मग हात पुसून त्याने विचारलं, "तीन आठवड्यांत असे अजून किती दगड गेले?"

ग्लेनने यादी पाहिली. चार इथेच पडून होते. पाचवा जवळच्या टानेआटुआ गावी गेला होता, आणि त्याचा विधी गेल्या रविवारीच उरकला होता.

"गाडी काढ. तूही बघ," टेपेने म्हणाला. वाटेत ग्लेनला काय काय सुनावायचं ते तो मनात घोळवत राहिला.

तिथल्या कब्रस्तानाला लागूनच हारिआटाचं घर. ऐंशीची म्हातारी काठी टेकत दगडापाशी आली. तिच्या नवऱ्याचं नाव पाओरा. दगड म्हणत होता पओरा.

"मावशी, चूक आमची आहे," टेपेने म्हणाला. "आत्ता दुरुस्त करून देतो. पण तुम्ही फोन का नाही केलात? त्याच दिवशी धावत आलो असतो."

"दिसलं होतं रे. पोरांनाही दिसलं."

"मग?"

"अरे, बँकेत तो पओराच होता. दवाखान्यात पओरा, पेन्शनच्या कागदावर पओरा. रेघ घालायला सांगितली की म्हणायचे, सिस्टीम घेत नाही. जन्मभर हेच ऐकलं. एक तुझ्याकडेच तेवढं नीट लिहून मिळायचं." तिने दगडावरून हात फिरवला. "म्हटलं, आता टेपेनेकडेही तीच सिस्टीम आली असेल. मग कशाला उगाच भांडायचं?"

ग्लेनला सुनावायचं सगळं टेपेनेच्या तोंडातच राहिलं. छिन्नी काढायला त्याने पिशवीत हात घातला, पण म्हातारीकडे वर बघायची त्याला लाज वाटत होती.