गाडीखाली कोण जाणार

जादा गॅरंटी घ्यायची, हे मी गाडी घ्यायच्या आधीच ठरवलं होतं. त्यामुळे माझ्या दिराने, दिनानाथने, महिनाभर जी कटकट लावली ती मी या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडून दिली.

सानपाड्याला आमच्या घरासमोर सोसायट्या उठल्या, तिथल्या बायकांत बसून माझी भाषा सुधारली असं त्या म्हणतात. बिघडली असं माझी सासू म्हणते. स्वभाव मात्र आहे तोच आहे. मला राग पटकन येतो, आणि एकदा 'नाय' म्हटलं की माझा बाप आला तरी ते 'हो' होत नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी लोक माझ्याशी वाद घालायला येतात, त्याला मी काय करू?

शहाऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. उरणच्या मिठागरातून मीठ भरायचं आणि दिघ्याच्या केमिकल कंपनीत टाकायचं, हा आमचा ठेका. माझ्या नवऱ्याने तो मिळवला होता. ते गेल्यावर कंपनीतला साहेब मला म्हणाला, बाई, तुम्ही कशाला या भानगडीत पडता. मी म्हटलं, भानगड आमची आहे, तुम्ही फक्त गेट उघडा. दोन वर्षं भाड्याच्या गाड्यांवर रेटलं आणि मग नवी गाडी घेतली, निळ्या तोंडाची, कोरी करकरीत. दिनानाथ ती चालवणार. घरात सात तोंडं, आणि सगळ्यांचं पोट आता त्या एका गाडीवर.

शोरूमवाल्यांनी एक वर्षाची गॅरंटी दिली होतीच. वर आणखी दोन वर्षांची पाहिजे असेल तर पैसे वेगळे, आणि महिन्याच्या आत सही करायची. पैशाचा प्रश्न नव्हता, तेवढे मी बाजूला काढले होते. मला ती गॅरंटी का पाहिजे होती, ते सांगते.

आमचा मीठ वाहायचा मचवा होता, मोठी होडी. दर वर्षी पावसाळ्याआधी तो मोठ्या भरतीला खाडीच्या बांधापाशी आणायचा, खाली लाकडाचे ओंडके सरकवायचे, आणि पाणी ओसरलं की मचवा अलगद ओंडक्यांवर बसायचा. मग खाली शिरून त्याला मासळीचं तेल चोपडायचं. सासऱ्यांनी ते केलं, माझ्या नवऱ्याने केलं. चिखलात ठेवलेले ते ओंडके चाळीस वर्षांत कधी खचले नाहीत. पुढे मचवा गेला, सेकंडहँड ट्रक आला, पण हात तेच आणि डोकं तेच. गाडीलाही मिठापासून वाचवायचं तर तेल पाहिजे, आणि तेल लावायचं ते बांधालाच. यांनी त्याच चिखलात तेच ओंडके लावले आणि गाडी त्यांच्यावर चढवली. मचव्याचा भार सगळ्या ओंडक्यांवर सारखा बसतो. गाडीचा चार जागी येतो. मागचे दोन ओंडके चिखलाने गिळले, तेव्हा हे खाली होते.

मी जेवणाचा डबा घेऊन बांधावरून येत होते. मला त्यांचे पाय दिसले. त्यापुढचं मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

बाराव्याच्या दिवशी मी ठरवलं, आमच्या घरातला माणूस पुन्हा गाडीखाली जाणार नाही. गॅरंटी म्हणजे काय? गाडीचं जे काही होईल ते कंपनीचे लोक बघणार. त्यांच्या वर्कशॉपमध्ये गाडी उचलायचं लोखंडी यंत्र आहे, मी स्वतः जाऊन बघून आले होते. तीन वर्षं त्यांनी जावं खाली. एवढा साधा हिशेब होता.

दिनानाथचं म्हणणं वेगळंच. "वयनी, गॅरंटी घेतली तर खाली तेल लावाय देत नाय ते. शोरूममधला मानूस बोललाय मला. आन तेल नाय लावला तर मीठ चासीला दोन वर्षांत चाळन करून टाकील."

"गंजली तर कंपनी बघील."

"मिठाचा गंज कंपनी बघत नाय, वयनी."

"तुला खाली जायची एवढी हौस का आलीय?"

यावर तो उठून गाडी पुसायला जायचा. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला उलटून बोलत नाही. पण रोज संध्याकाळी परत तेच सुरू. माझे कान किटले.

सहीच्या मुदतीचा शेवटचा दिवस शनिवारी आला. सकाळी आम्ही वाशीला शोरूमला निघालो, तर माझी सासू सुंदराबाई ओटीवर बसलेली, आणि पुढ्यात तेलाचा मोठा डबा. पहाटेच कोळीवाड्यात जाऊन घेऊन आली होती. वास सगळ्या आळीत पसरलेला.

माझं डोकं फिरलं. "आये, ह्या तेलापायी तुजा पोर गेला. आन तू परत तेच घरात आनतेस?"

असं बोलू नये. बोलल्यावर कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कुठे येतं? दिनानाथने मान खाली घातली. सासू मात्र शांतपणे डब्याचं झाकण बसवत राहिली.

"तेलानं नाय गेला गो," ती म्हणाली. "चिखलानं गेला."

मी गाडीत चढून बसले.

शोरूमला नंदकिशोर नावाचा तरणा माणूस होता, गळ्यात टाय, बोलायला गोड. त्याने चहा मागवला, फॉर्म पुढे केला, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. मी पेन उचललं. सही करणारच होते. पण सासूचं ते बोलणं डोक्यात ठणकत होतं, आणि मला वाटलं, आता निदान हिच्या तोंडावर सांगता तरी येईल की कागदात सगळं आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पण ती बारीक अक्षरं मला लागेनात. मी नंदकिशोरला म्हटलं, वाचून दाखवा.

"ताई, सगळं नेहमीचंच आहे."

"असू दे. नेहमीचंच वाचा."

त्याने वाचलं. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं मागचं, सगळं ठीक. गंज मात्र गॅरंटीत धरलेला नाही, आणि मीठ, खत, केमिकल वाहणाऱ्या गाडीचा तर मुळीच नाही. खालून बाहेरचा कसलाही थर दिला तर गॅरंटी रद्द. म्हणजे दिनानाथ खरं बोलत होता. मला जरा लाज वाटली, पण माझा मुद्दा तो नव्हताच.

"हे ठीक आहे," मी म्हटलं. "आता मला सांगा, गाडी जासईला भर रस्त्यात बंद पडली, मीठ भरलेली. तुमची माणसं कधी येणार?"

"माणसं येत नाहीत ताई. गाडी तुम्ही वर्कशॉपला आणायची."

"बंद गाडी? डोक्यावर घेऊन आणू?"

तो हसला. "बारीकसारीक असतं हो. काय झालंय ते ड्रायव्हर खाली शिरून बघतोच. तेवढं सगळीकडे चालतं."

मी दिनानाथकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. त्याला हे आधीपासून माहीत होतं. रस्त्यात गाडी अडली की तोच खाली जाणार, मी कितीही गॅरंट्या घेतल्या तरी. आणि मी शपथ घातली असती, तरी मला न सांगता गेला असता, कारण दिघ्याला दोन खेपा चुकल्या की ठेका जातो, आणि ठेका गेला की घरी वहिनीला काय सांगायचं?

इतके दिवस मी ज्या कागदाच्या जिवावर निर्धास्त झोपत होते, त्यात ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं होतं.

मी पेन खाली ठेवलं. "नको मला."

"ताई, आज शेवटचा दिवस आहे. उद्या पस्तावाल."

"त्याची गॅरंटी देता का?"

त्याने फॉर्म परत ओढून घेतला. बिचारा चांगला होता, चहाचे पैसे घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर दिनानाथला वाटलं मी त्याच्या बाजूची झाले. मी त्याला तिथेच झापलं. "खूश होऊ नको. खाली तर तू जायचा नाहीसच. काहीतरी तिसरं शोधायचं. झहूरकडे घे गाडी."

झहूर आमचा मेकॅनिक, मूळ उरणकडचा, तुर्भे नाक्याला त्याचं गॅरेज. यांचा जिवाभावाचा दोस्त. त्या दिवशी बांधावर गाडी उचलायला पहिला हात त्याचा लागला होता. दोन वर्षं भाड्याच्या गाड्यांच्या कामाने मी त्याच्याकडे जात होते, पण रस्त्यावर उभी राहूनच बोलायचे, गॅरेजकडे पाठ करून. आत कुणीतरी कुठल्यातरी गाडीखाली असणार, ते मला बघायचं नव्हतं. झहूरलाही ते ठाऊक होतं. तो बाहेर येऊन बोलायचा.

त्या दिवशी मात्र मी सरळ आत गेले. आत एक ट्रक उभा होता. चारही चाकं जमिनीवर. खाली जमिनीत लांबट खड्डा, दगडाने बांधून काढलेला, आणि त्यात एक माणूस ताठ उभा राहून डोक्यावरचा नट आवळत होता. तोंडाने गाणं चालू होतं.

मी बघतच राहिले. "झहूरभाई, हा खड्डा कधी खोदला?"

"गॅरेज टाकला तवापासून हाय, वयनी."

"मग मला कधी बोलला नाहीस?"

झहूरने हात पुसले. "तू कवा बघाय तयार होतीस?" मग हळू आवाजात म्हणाला, "मी हिराजीला बोललो होतो. इथं आन गाडी म्हटला. तो म्हनला, तेल बांधालाच लावायचा आमच्यात. मी जोर केला नाय. आजपन तेच मनात येतं."

यांचं नाव कित्येक दिवसांनी कुणीतरी घेतलं होतं. मला तिथेच रडू आलं, आणि मी रडले. त्यात लपवायचं काय आहे?

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "आमच्या परड्यात असा खड्डा होईल?"

"घरामागं टेकडीच्या अंगाला मुरूम लागतो. तिथं होईल. बांधाकडं नको."

"बांधाकडं मी फिरकतसुद्धा नाही."

सोमवारी खोदायला सुरुवात केली. गॅरंटीला बाजूला ठेवलेले पैसे दगड, सिमेंट आणि मजुरीत गेले. गावात लोक मला नावं ठेवायला लागले, गोजरा एवढी ट्रकवाली झाली की घरात विहीर खोदतेय बिनपाण्याची. बोलू दे. दिनानाथला मी सासूसमोर उभं केलं आणि तिच्या पायावर हात ठेवून बोलायला लावलं: रस्त्यात गाडी अडली तर खाली जायचं नाही, झहूरला निरोप धाडायचा आणि गाडी ओढून खड्ड्यावर आणायची, मग दिघ्याची खेप चुकली तरी चालेल. "ठेका परत मिळतो," मी म्हटलं. दिनानाथची बायको वैशाली दारात उभी होती. त्या दिवशी माझ्या ताटात तिने दोनदा कालवण वाढलं.

पायऱ्या बांधायची वेळ आली तेव्हा सासूने गोठ्यातून ओंडके ओढून काढले. तेच, मचव्याचे. मी म्हटलं, आये, ते जाळून टाक. ती म्हणाली, लाकूड चांगला हाय, लाकडाचा काय गुन्हा नाय. गवंड्याने त्यांच्या पायऱ्या केल्या.

दहाव्या दिवशी दिनानाथने गाडी हळूहळू खड्ड्यावर आणली. चाकं मुरमावर घट्ट बसली. मी चारही बाजूंनी फिरून प्रत्येक चाकाला लाथ मारून बघितली. झहूर हसला, पण त्यानेही मागून एकेक चाक बघितलंच. दिनानाथने शर्ट काढला, डबा उचलला आणि पायरीकडे निघाला.

"थांब," मी म्हटलं.

आमच्या घरात तेलाचा पहिला हात मालकाचा असतो. सासऱ्यांचा होता, मग यांचा. गाडी माझ्या नावावर होती. मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि दिनानाथच्या हातातून डबा घेतला.

"वयनी, तू नको."

"का? तू गेलास तर चालतं?"

तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर मी भिंतीला हात टेकला. ओंडक्याला अजून तो वास होता. वर लोखंड, एवढं मोठं, काळं. मी खाली उतरले आणि ताठ उभी राहिले, आणि डोक्याच्या वर वीतभर जागा उरली. मग चिंधी तेलात बुडवली आणि चासीच्या पहिल्या पट्टीला हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. यांचा हात असाच फिरायचा, लांब आणि सावकाश. मी बांधावर बसून कितीदा बघितला होता.

वर सासू खड्ड्याच्या काठाला बसली होती. तिचे नुसते पाय मला दिसत होते. "गोजरा," ती दर मिनिटाला हाक मारायची, "हायस ना गो?"

"हाय, आये."

"हायस ना?"

"हाय."

पहिली पट्टी पुरी झाल्यावर मी वर आले. कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले. सासूने माझं मनगट धरलं आणि सोडेचना. ती रडत होती. दोन वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

मी दुसऱ्या हाताने डबा दिनानाथकडे केला. "जा आता," मी म्हटलं. "बाकीचं तू लाव."

तो खाली उतरला, आणि मग आम्ही दोघी मिळून त्याला हाका मारत बसलो.