सैल दोर

जुई, तो चहा ठेव बाजूला आणि आधी ऐक. सुयश, तूही. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही.

तर तोयोसूला आमच्या क्लायंटची नवीन बिल्डिंग झालीय ना, तिच्या लॉबीत लाकडी खांब लागणार होता. कोरीव. दोन मजले उंच! तो कोरायला कॅनडाहून लायनेल नावाचे एक आजोबा आले होते. हायदा आहेत ते. कॅनडाच्या पश्चिमेला समुद्रात बेटं आहेत, तिथले मूळचे लोक. त्यांचं इंग्लिश ऑफिसवाल्यांना जपानीत सांगायचं आणि ऑफिसवाल्यांचं जपानी त्यांना इंग्लिशमध्ये, हे माझं काम. अख्खा उन्हाळा मी शिन-किबाच्या एका लाकडाच्या गोदामात काढलाय. ते आडव्या ओंडक्यावर बसून वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवायचे आणि सगळीकडे पेन्सिल तासल्यासारखा वास.

पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "तू कावळ्यांची की गरुडांची?"

मी म्हटलं, "मी कोथरूडची."

हसू नका, ऐका! त्यांच्याकडे सगळे लोक दोन बाजूंत वाटलेले असतात, कावळे आणि गरुड. जी आईची बाजू, ती तुमची. हे गरुड. आणि गरुडांनी काही केलं की साक्षीला कावळे लागतात. मग म्हणाले, "आजपासून तू कावळ्यांत."

त्यांची बहीण मार्लीन. ओसाकात इंग्लिश शिकवायची, आयुष्य इथे जपानातच गेलं तिचं. दर वर्षी फोन करायची, "लायनेल, ये ना एकदा." हे आलेच नाहीत. काम, काम, काम. आणि ती इथेच गेली. तर हा खांब तिच्या नावाचा. ओगावा-सानना, म्हणजे बिल्डिंगचा प्रोजेक्ट बघतात ते, त्यांना आधीच विचारलं होतं. ते तर खूश, ब्रोशरमध्येही टाकलं. खांबावर सगळ्यात वर गरुड आणि त्याच्या छातीशी छोटासा बाईचा चेहरा. चष्मा लावलेला! मार्लीन चष्मा काढून झोपायची पण नाही म्हणे.

आता खरी गोष्ट. त्यांच्यात असा खांब माणसांनी उभा करायचा असतो. दोर बांधून, सगळ्यांनी ओढून. मग जेवण आणि प्रत्येकाला भेट. ती भेट घेतली की तुमच्यावर जबाबदारी येते. जिथे विचारतील तिथे सांगायचं, मी तिथे होतो, हिच्या नावाने खांब उभा राहिला, मी बघितलं.

"आणि तसं नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर ते कोरलेलं लाकूड. ती अजून आडवीच."

असं लॉबीत करू द्याल का विचारलं, तर ओगावा-सान म्हणाले, केन्तो शिमासु, म्हणजे विचार करतो. मी आजोबांना सांगितलं, हे आपल्याकडच्या 'बघू'सारखं आहे हं, फार धरून बसू नका.

"नाही म्हणाले का?"

"इथे नाही असं म्हणत नाहीत हो."

"मग झालं तर." आणि बसले दोर तयार करायला!

आणि मला काय तो उत्साह! मी लगेच गुणवंतकाकांना फोन केला. आपले मराठी मंडळाचे. काका म्हणाले, "दोर ओढायला माणसं? अगं, आपल्या कोतो वॉर्डातून हवी तेवढी आणतो! ढोल आणू का?"

मग सेफ्टीवाल्यांची मीटिंग झाली. संगमरवरी फरशी, विमा, भाराखाली माणूस उभा राहणार नाही, वगैरे वगैरे. ओगावा-सान वरच्यांकडे जाऊन जाऊन थकले, खरंच. शेवटी तोडगा घेऊन आले. उचलणार क्रेन. लोक दोर धरणार. फोटो निघणार.

मी सांगितलं आजोबांना. ते वाकस पुसत बसले. मग म्हणाले, "विचार त्यांना, दोरावर भार असेल का?"

ओगावा-सान म्हणाले, "थोडासा."

त्या 'थोडासा'वर आजोबा तयार झाले.

रविवारी आपली सगळी गँग हजर. पिवळी जॅकेटं, हेल्मेटं, जयमालाकाकूंनी तर साडीवर हेल्मेट घातलेलं! क्रेन घुमली, खांबाचं टोक जमिनीवरून सुटलं, आणि गुणवंतकाका ओरडले, "जोर लावा रे!"

सगळ्यांनी ओढलं. आणि दोर नुसता हातात आला. सैल. काका पडता पडता वाचले. एक सेफ्टीवाला धावत आला, ओढू नका, ओढू नका, फक्त धरा.

काकू मोठ्याने म्हणाल्या, "अहो, याला वजनच नाही!"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली ती?"

काय सांगायचं? सांगितलं. दोर हलका आहे म्हणाली.

ते एकदम पुढे झाले. "थांबवायला सांग. थोडा खाली घ्या. शेवटचं एवढंसं तरी आम्हाला ओढू द्या." मी धावत जाऊन ओगावा-सानना सांगितलं, एका दमात. ते माफी मागतात तसे कमरेतून वाकले. वाकूनच राहिले. आणि क्रेन चालूच. खांब सरळ झाला, खाली लोखंडी चौकटीत बसला आणि बोल्ट आवळायला लागले. तो मशीनचा आवाज, कर्रर्र, अख्ख्या लॉबीत.

भेटी होत्या, आजोबांच्या भाचीने घरी केलेला बेरीचा जॅम, खोकीच्या खोकी. गुणवंतकाका आजोबांजवळ गेले आणि इंग्लिशमध्ये म्हणाले, "सर, काळजी करू नका. कोणीही विचारलं तरी आम्ही सांगू, आम्हीच उभा केला."

किती मनापासून म्हणाले होते रे ते!

आजोबांनी त्यांचा हात धरला. "साक्षीदाराने खोटं बोलायचं नसतं." खोकी नाही उघडली.

मी म्हटलं, "पुन्हा एकदा, दुसरीकडे कुठे..." त्यांनी नुसतं मनगट दाखवलं. सुजून एवढं झालेलं. शेवटचा खांब होता हा.

मग ते खांबाजवळ गेले. चष्मा फार वर होता, हात पोचणारच नव्हता, म्हणून पोचला तिथे ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. ओगावा-सान माझ्या कानाशी आले, "काय म्हणाले?"

हायदा मला कुठे येते? मी आजोबांना विचारलं.

"तिला सांगितलं, अजून थोडं थांब."

मी ते जपानीत सांगितलं. ओगावा-साननी हेल्मेट काढलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी वरच्यांकडे खूप मागितलं होतं. माझ्या हातात नव्हतं." मी विचारलं, हे सांगू त्यांना? मान हलवली, नको. आणि पुन्हा म्हणाले, नाही, सांगा. आणि पुन्हा, नको.

आजोबा विचारतायत, काय म्हणतोय तो? ओगावा-सान माझ्याकडे बघतायत. आणि मी मधे उभी. दोन्ही भाषा येतात मला, जुई.