सिमेंटखालचा चुना

मैलापूरच्या गल्लीत दोन उंच इमारतींच्या मध्ये दबून उभा असलेला मी एक जुना बंगला आहे, मित्रांनो. बिल्डर मला ‘साइट’ म्हणतो. हात असते तर त्याला फाटकाबाहेर काढलं असतं.

मला चुन्यात बांधलं. सागवानी तुळयांवर उभ्या विटा तिरक्या रचून वर चुना घातला, की झालं छप्पर; मद्रासची ही जुनी रीत. भिंतींनाही चुनाच. शेवटच्या थरात अंड्यातलं पांढरं मिसळून तो गोट्याने घोटलेला, त्यामुळे भिंत आरशासारखी लकाकायची. चुना ओल पितो आणि परत हवेत सोडतो. म्हणून ऐन मे महिन्यातही मी थंड असायचो. इथली विद्यालक्ष्मी तांबरमच्या कॉलेजात शिकवून आली, की कॉफी घेऊन व्हरांड्यातल्या भिंतीला पाठ टेकायची. ती पाठ मला अजून हवीशी वाटते.

मग तिच्या थोरल्या भावाला, ओरगडमच्या कार कारखान्यात काम करणाऱ्या चंद्रमौळीला, मी जुनाट दिसू लागलो. त्याच्या मुलीचं लग्न होतं. त्याने माझ्यावर सिमेंट थापलं, वर चकचकीत ऑइलपेंट. पाहुण्यांनी वाहवा केली. मी आत गुदमरत होतो. ओल बाहेर पडेना, रंगाला फोड आले, कुबट वास सुटला. विद्यालक्ष्मी खुर्चीत बसू लागली. आणि ज्याने तोंड दाबलं तोच म्हणाला, घर कुजलंय, पाडू या.

“अण्णा, आधीं तें सिमेंट काढ,” विद्यालक्ष्मी म्हणाली.

“कशाला गे? पाडायचंच आहे कीं.”

“ओरगडमला कार रंगवतां तसं घर रंगवलास. कारला श्वास लागत नाहीं.”

“बिल्डरला काय सांगूं?”

“बहीण वेडी आहे म्हण. तसंही सगळ्यांना सांगतोसच.”

तो हसला नाही, पण बिल्डरच्या करारावरची सही पुढे ढकलली.

व्हरांड्यातली एक भिंत खरवडली. खालचा चुना काळा, ओलाचिंब, पण शाबूत. उन्हाळाभर तो वाळतोय. विद्यालक्ष्मी रोज त्यावर तळहात ठेवते. आता तो कोरडा निघतो. चंद्रमौळी दारातून बघतो, जवळ येत नाही. बाकी सगळ्या भिंती अजून सिमेंटखाली आहेत, आणि बिल्डरचा फोन रोज येतो. एकदा चंद्रमौळीनेही हात लावून बघावा, एवढीच माझी आस आहे.

मित्रांनो, जुन्या घराला तुमची दया नको. ते कशाचं बनलंय, एवढं विचारा. मग पाडायचं तर पाडा. पण आपणच आजारी करून वर त्याला म्हातारं म्हणू नका.